सहा किलो दोनशे ग्रॅम

हरिभाऊ उमाट्यांनी आयुष्यात एकदाच खोटं माप दिलं, आणि तेही एका गरुडाला. गरुड आफ्रिकेतला, हरिभाऊ वर्ध्याचे. दोघांची गाठ पडायचं खरं तर काही कारण नव्हतं. पण चार वर्षांपूर्वी गावातल्या एका महाविद्यालयानं मराठी भाषा पंधरवडा जोरात साजरा करायचं मनावर घेतलं आणि तिथून हे सगळं सुरू झालं.

हरिभाऊ वजनमापे खात्यात चौतीस वर्षं निरीक्षक होते. कापूस बाजारातले काटे तपासायचे, खरे असतील त्यांवर शिक्का मारायचा, खोटे असतील ते जप्त करायचे, हे त्यांचं काम. निवृत्त होऊन सहा वर्षं झाली होती, पण ही बातमी त्यांच्या स्वभावापर्यंत पोचली नव्हती. भाजी घेताना ते अजूनही काट्याखाली वाकून बघत. दवाखान्यात वजनाच्या यंत्रावर चढण्याआधी त्यावरचा शिक्का कोणत्या सालचा आहे ते वाचत, आणि तो जुना निघाला तर नर्सनं सांगितलेलं वजन मान्य करत नसत. त्यांच्या पत्नी शोभाबाई भाजीत मीठ अंदाजानं टाकतात, या गोष्टीकडे मात्र त्यांनी चाळीस वर्षं कानाडोळा केला होता. संसारात एवढी तडजोड करावीच लागते.

तर त्या पंधरवड्यात 'मुक्त ज्ञानकोशात मराठी नोंदी लिहा' अशी एक कार्यशाळा निघाली. इंटरनेटवरचा हा ज्ञानकोश कुणीही लिहावा, कुणीही सुधारावा असा आहे. ज्येष्ठ नागरिकांना चहा, पोहे आणि एकेक विषय मिळणार होता. विषयांच्या चिठ्ठ्या स्टीलच्या डब्यात होत्या. हरिभाऊंना 'तराजू' हवा होता, तो एका योगशिक्षिकेला गेला. त्यांचे शेजारी माणिकराव, तहसिलीतले निवृत्त अव्वल कारकून, यांना 'फिनलंडची राज्यव्यवस्था' आली, आणि तेव्हापासून नळाला पाणी आलं नाही तरी ते फिनलंडचा दाखला देऊ लागले. हरिभाऊंच्या चिठ्ठीवर होतं : मार्शल ईगल, आफ्रिका.

हरिभाऊंनी त्याचं 'लढवय्या गरुड' असं बारसं केलं, ग्रंथालयातून एक जाडजूड इंग्रजी पुस्तक घरी आणलं आणि कामाला लागले. पंखांचा विस्तार दोन मीटरच्या आसपास. लिहिलं. एका वेळी एकच अंडं. लिहिलं. आभाळात इतका उंच जातो की खालून ठिपकाही दिसत नाही, आणि तिथून खालचा ससा, घोरपड, प्रसंगी हरणाचं पाडस हेरून झडप घालतो. हे लिहिताना त्यांना स्वतःलाच इतकं भरून आलं की पुढे त्यांनी पदरचं एक वाक्य घातलं : 'या पक्ष्याच्या नजरेसमोर भल्याभल्यांची पाचावर धारण बसते.' मग पुस्तकातली पुढची ओळ आली. मोठ्या मादीचं वजन सहा किलो दोनशे ग्रॅमपर्यंत.

हरिभाऊंनी पेन खाली ठेवलं.

चौतीस वर्षांत एक गोष्ट त्यांना पक्की कळली होती. माल घेणाऱ्याचा काटा नेहमी कमी दाखवतो. शेतकऱ्याच्या गाडीत पन्नास किलो असेल तर व्यापाऱ्याच्या काट्यावर ते सेहेचाळीस होतं. त्यात हे पुस्तक इंग्रजाचं. याच वर्ध्याचा कापूस मोजून नेणारी ही मंडळी, ती आफ्रिकेत जाऊन गरुड काय नीट मोजणार? हरणाचं पाडस लोळवणारा दोन मीटरचा पक्षी सहा किलोचा असेलच कसा? नाचणगावला त्यांच्या चुलतबहिणीची, आनंदाबाईची, बकरी सुद्धा तीस किलोची होती. दशांश चिन्ह एक घर सरकवून माल दाबणारे दोन काटे तर त्यांनी स्वतः जप्त केले होते. इथेही तेच झालंय, हे अनुभवी डोळ्याला लगेच दिसलं. त्यांनी दशांश चिन्ह जागेवर आणलं आणि ज्ञानकोशात लिहिलं : वजन बासष्ट किलो.

एका मुक्या पक्ष्याला न्याय मिळवून दिल्याच्या समाधानात त्या दिवशी ते दोन पोळ्या जास्त जेवले.

यानंतर चार वर्षं काही झालं नाही. गरुड बासष्ट किलोचा होऊन आभाळात राहिला आणि हरिभाऊ त्याला विसरले. मग यंदा संक्रांतीच्या दुसऱ्या दिवशी सकाळी शोभाबाई गच्चीवर पापड घालायला गेल्या आणि तशाच खाली आल्या.

"अजी, वर या बरं. टाकीमागं घार पडली हाये. मांजात गुतली."

हरिभाऊ जाड टॉवेल घेऊन वर गेले. घार टाकीच्या सावलीत बसली होती. एका पंखाला नायलॉनचा मांजा आवळला होता, आणि ती अशा नजरेनं बघत होती की चूक हरिभाऊंचीच असावी. त्यांनी तिच्यावर टॉवेल टाकला. मग वीस किलोचं लोखंडी वजन उचलताना कमरेला जसा ताण द्यायचा तसा दिला, पाय फाकवले, श्वास रोखला आणि तिला उचललं.

घार नव्हतीच जणू. एवढी थोरली घार, आणि हातात आला नुसता टॉवेल. लावलेला जोर कुठेच न लागल्यामुळे त्यांचे दोन्ही हात सरळ डोक्यावर गेले, तोल सुटला, आणि ते घारीसकट पापडांवर बसले. घारीला काही झालं नाही. पापडांबद्दल शोभाबाई पुढे बरेच दिवस बोलत होत्या.

कैलासला फोन गेला. कैलास एसटीत कंडक्टर, राहणार नाचणगावचा, आणि सुट्टीच्या दिवशी पक्षीमित्र. त्यानं मांजा कापला, वनखात्याला फोन करून नोंद दिली, पंख तपासला आणि घारीला टॉवेलसकट पेटीत ठेवलं. तेवढ्यात हरिभाऊंनी खालून आपला घरचा काटा आणला होता. पेटीचं आणि टॉवेलचं बारदान वजा केलं, मोजलं. परत मोजलं. तिसऱ्यांदा मोजताना त्यांनी काटा समपातळीत आहे का ते वाटीत पाणी घेऊन बघितलं.

सहाशे चाळीस ग्रॅम.

"बरोबर हाये," कैलास म्हणाला. "हाडं आतून पोकळ असते काका. नुसती हवा. जेवढं उडायले लागते तेवढंच ठेवलं हाये देवानं, बाकी सारं काढून टाकलं."

त्यानं जखम नसलेला पंख हळूच उलगडून धरला. हरिभाऊंनी मीटरपट्टी लावली. दोन्ही पंखांचे मिळून एक मीटर बेचाळीस सेंटिमीटर. शाळकरी पोर हात पसरून उभं राहावं एवढा पसारा, आणि वजन पाऊण किलोलाही कमी. पंखाच्या कडेची लांब पिसं वाऱ्यानं हलत होती. हरिभाऊंनी आयुष्यभर लोखंड, कापूस, तूर, सोनं सगळं मोजलं होतं. पण असली वस्तू त्यांच्या काट्यावर कधी आली नव्हती. ते आ वासून बघत राहिले, आणि बघता बघता मनात हिशेब करू लागले.

दीड मीटरची घार जर सहाशे चाळीस ग्रॅमची, तर दोन मीटरचा गरुड बासष्ट किलोचा कसा?

त्या दुपारी शोभाबाई झोपल्यावर हरिभाऊंनी मोबाइलवर एका बोटानं ज्ञानकोश उघडला. आपल्या नावानं आत न जाता, अनोळखी माणूस म्हणून गेले. बासष्ट खोडलं, सहा पूर्णांक दोन लिहिलं, बाहेर आले. कुणाला कानोकान कळलं नाही. संध्याकाळी बघतात तर पुन्हा बासष्ट. खाली निरोप होता : 'नमस्कार. संदर्भाअभावी आपला बदल उलटवण्यात आला आहे. आपल्या योगदानाबद्दल आभारी आहोत. इला, प्रचालक.'

प्रचालक म्हणजे त्या ज्ञानकोशाची राखणदारी करणारे स्वयंसेवक. ही इला कोण, कुठली, काही कळायला मार्ग नव्हता. हरिभाऊंनी दुसऱ्या दिवशी परत बदल केला. इलानं परत उलटवला. चौथ्या वेळी निरोपाची भाषा बदलली. 'आपण वारंवार विध्वंसक स्वरूपाचं संपादन करत आहात.' हरिभाऊंना रात्री जेवण गेलं नाही. चौतीस वर्षांच्या नोकरीत व्यापाऱ्यांनी त्यांना हरतऱ्हेची विशेषणं लावली होती, पण विध्वंसक कुणी म्हटलं नव्हतं. आणि दुःख असं की निरोप अगदी नियमाला धरून होता. अशाच नोटिसा त्यांनी स्वतः शेकड्यांनी पाठवल्या होत्या.

इलानं पुढे लिहिलं होतं की बासष्ट या आकड्याला दोन छापील संदर्भ आहेत. एक म्हणजे एका दैनिकाची बालपुरवणी. दुसरा म्हणजे स्पर्धा परीक्षेचं सामान्य ज्ञानाचं गाइड.

ते गाइड शेजारीच होतं. माणिकरावांची पुतणी अपेक्षा वनरक्षक भरतीची तयारी करत होती. हरिभाऊंनी सहज मागावं तसं ते मागितलं. पान एकशे अठरा. 'जगातील सर्वांत जड उडणारा पक्षी कोणता? लढवय्या गरुड, ६२ किलो.' आणि खाली बारीक अक्षरात : 'या पक्ष्याच्या नजरेसमोर भल्याभल्यांची पाचावर धारण बसते.'

हरिभाऊंनी ते वाक्य दोनदा वाचलं. म्हणजे पुरवणीवाल्यानं त्यांची नोंद उचलली, गाइडवाल्यानंही उचलली, आणि मग कुणीतरी ती दोन्ही त्याच नोंदीखाली संदर्भ म्हणून जोडली. त्यांचंच खोटं वजन दोन दुकानांतून शिक्का मारून घेऊन आता त्यांच्याच दारात पुरावा म्हणून उभं होतं. चौतीस वर्षांत इतकी साफ काटामारी त्यांनी पाहिली नव्हती, आणि ती त्यांनीच केली होती.

"हा प्रश्न परवा क्लासच्या टेस्टमध्ये आला होता काका," अपेक्षा म्हणाली. "मी बासष्ट लिहिलं. काजल येडी बह्याड हाये, तिनं सहा लिहिलं. टीव्हीवर पाह्यलं म्हणे. सारा क्लास तिले हासला. सर म्हणे, सहा किलोची तं कोंबडी असते."

"मंग? काजल काय म्हणाली?"

"काय म्हणन? रडली. येऊन नाई राह्यली आता क्लासले."

हरिभाऊंनी गाइड परत दिलं आणि घरी येऊन पंखा न लावता बसून राहिले. खरं माप देणाऱ्या पोरीला भर बाजारात खोटं ठरवलं होतं, आणि ज्या वजनानं ठरवलं ते त्यांच्या हातचं होतं.

आता माणिकरावांना सांगण्यावाचून गत्यंतर नव्हतं. अर्थात सगळं सांगायची गरज नव्हती. ज्ञानकोशात गरुडाचं वजन चुकलंय आणि नागरिक म्हणून आपल्याला ते खटकतंय, एवढंच हरिभाऊ म्हणाले. माणिकरावांचे डोळे चमकले. निवृत्तीनंतर त्यांच्याकडे पहिल्यांदाच प्रकरण आलं होतं.

"फिनलंडमध्ये असं होत नाई," त्यांनी सुरुवात केली. "तुमी असं करा, स्टँप पेपरवर अ‍ॅफिडेव्हिट करून टाका. शपथेवर लिहून देल्यावर कोनाची हिंमत हाये?"

दोघं कोर्टाजवळच्या झाडाखाली नोटरीकडे गेले. नोटरीनं मसुदा वाचला, चष्मा काढला, परत घातला. "पक्ष्याचं वजन तुमी शपथेवर सांगून राह्यले, ठीक हाये. पन सदर पक्ष्याशी तुमचा संबंध काय? तो रकाना भरा."

तो रकाना भरायचा तर सगळंच सांगावं लागत होतं. हरिभाऊंना अचानक घरी काम आठवलं.

मग माणिकरावांनी वनखात्याकडे माहितीच्या अधिकारात अर्ज ठोकला. अकरा मुद्दे, सहपत्रं, पोच. एकोणतिसाव्या दिवशी उत्तर आलं. 'आपण विचारणा केलेला पक्षी या कार्यालयाच्या कार्यक्षेत्रात आढळत नसल्याने माहिती निरंक समजावी.' माणिकरावांना ते उत्तर फार आवडलं. भाषा निर्दोष आहे म्हणाले, आणि लगेच अपील करायला निघाले. अपिलात पक्षी कार्यक्षेत्रात आणावा लागेल की काय, या भीतीनं हरिभाऊंनी त्यांना आवरलं.

खरं तर पुरावा कुठे आहे हे त्यांना पहिल्या दिवसापासून माहीत होतं. ते जाड इंग्रजी पुस्तक. ते महाविद्यालयाच्या ग्रंथालयात गेले. ग्रंथपाल सरिता देशकर नियमानं चालणाऱ्या बाई होत्या. त्यांनी रजिस्टर उघडलं, बोट फिरवत नेलं आणि थांबवलं.

"हे पुस्तक बाहेर गेलेलं आहे."

"कोणाकडे?"

"हरिभाऊ उमाटे म्हणून कुणी आहेत. चार वर्षं झाली. तीन पत्रं पाठवली, माणूस दाद देत नाही. तुमच्या ओळखीचे आहेत का?"

"तोंडओळख आहे," हरिभाऊ म्हणाले आणि बाहेर आले.

घरात शोध सुरू झाला. कपाटं, माळा, ट्रंका, सगळं उपसून झालं. तिसऱ्या दिवशी शोभाबाईंनी विचारलं, "अजी, काय ढुंढून राह्यले? ते जाडं इंग्रजी पुस्तक का? ते गव्हाच्या कोठीखाली हाये. कोठी डुगडुगे, तं तुमीच म्हटलं, समपातळीत पायजे."

गहू उपसला, कोठी कलंडवली, पुस्तक निघालं. पुठ्ठ्यावर कोठीचा गोल वळ पडला होता. हरिभाऊंनी पान उघडलं. ओळ जागेवर होती, सहा पूर्णांक दोन, स्वच्छ छापलेली. पण शेजारी समासात लाल शाईनं, त्यांच्याच टपोऱ्या अक्षरात, त्यांचाच शेरा होता : 'माप संशयास्पद. दुरुस्त करण्यात आले.' खाली सही, ह. रा. उमाटे, आणि तारीख. सवय वाईट. काट्यावर शेरा मारल्याशिवाय त्यांना तपासणी पुरी झाल्यासारखी वाटत नसे.

माणिकराव दारातच उभे होते. त्यांनी शेरा वाचला, मग हरिभाऊंकडे बघितलं. अव्वल कारकुनाला जास्त सांगावं लागत नाही.

"असं होय," ते म्हणाले. मग आवाज खाली आणून, "त्यात काय? फोटो काढतानी समासावर अंगठा ठेवा. ओळ दिसली म्हणजे झालं. कोनाले काय समजते?"

सल्ला सोपा होता. आणि मोह झाला नाही असं म्हटलं तर ते खोटं माप होईल. त्या संध्याकाळी हरिभाऊंनी दोनदा अंगठा ठेवून बघितला. अंगठा बरोबर बसत होता. उमाटेसाहेबांचा काटा म्हणजे देवाचा काटा असं कापूस बाजारात अजून म्हणतात. बाजारातून जाताना जुने हमाल उठून नमस्कार करतात. तेवढीच त्यांची मिळकत होती, आणि ती त्या अंगठ्याखाली शाबूत राहत होती.

दुसऱ्या दिवशी सकाळी घार सोडायची होती. पंख बरा होईपर्यंत सव्वा महिना ती गच्चीवरच्या खोलीत राहिली होती आणि शोभाबाईंशी तिचं बऱ्यापैकी जमलंही होतं. कैलास आला. हरिभाऊंनी शेवटचं वजन केलं, सातशे दहा ग्रॅम. अपेक्षा, माणिकराव, कॉलनीतली आणखी चार माणसं गच्चीवर जमली. कैलासनं पेटी कठड्यावर ठेवली आणि झाकण उघडलं.

घार लगेच उडाली नाही. तिनं मान वळवून सगळ्यांकडे एकदा बघितलं. मग पंख उघडले. हरिभाऊ अगदी जवळ उभे होते. पंखांचा वारा त्यांच्या तोंडावर आला, जोरदार, आणि सातशे दहा ग्रॅममध्ये एवढा वारा मावतो कुठे हे त्यांना कळेना. ती पाण्याच्या टाक्यांवरून गेली, निंबाच्या वर गेली, आणि मग पंख हलवायचंच तिनं सोडून दिलं. ऊन तापायला लागलं होतं. त्या उन्हावर ती नुसती टेकली आणि वर जात राहिली, गोल, गोल, आणखी वर. माणिकरावांना फिनलंड आठवला नाही. शोभाबाईंनी हात जोडले.

हरिभाऊंचे डोळे भरून आले. आयुष्यभर ते म्हणत आले होते, ज्यात वजन आहे ते खरं. आणि ही समोर वर चालली होती ती जवळजवळ काहीच वजन नसल्यामुळे. आफ्रिकेत कुठेतरी दोन मीटर पंखांचा तो लढवय्या अशीच घिरट्या घालत असेल, सहा किलोच्या अंगानं, आणि त्याच्या पाठीवर आपण इथून छप्पन किलो खोटं लादून ठेवलंय, असं त्यांना वाटलं. त्यांना त्या गरुडापुढे लाज वाटली.

ते खाली आले, फ्रिजच्या वॉरंटीकार्डामागे लिहिलेला जुना पासवर्ड शोधला, आणि चार वर्षांनी पहिल्यांदाच स्वतःच्या नावानं ज्ञानकोशात शिरले. समासासकट पानाचा फोटो टाकला. खाली लिहिलं :

'मी, हरिभाऊ उमाटे, निवृत्त निरीक्षक, वजनमापे, वर्धा, असे नमूद करतो की सदर नोंदीतील ६२ किलो हे वजन मी स्वतः घातलेले आहे. पुस्तकात ६.२ होते. मला ते खोटे वाटले. पुस्तक खरे होते. जोडलेले दोन्ही संदर्भ माझ्याच नोंदीवरून उतरवलेले आहेत. "पाचावर धारण" हे वाक्य माझे आहे, पडताळून पाहावे. समासातील शेरा व सही माझी आहे.'

उत्तर दुसऱ्या दिवशी आलं. इलानं वजन दुरुस्त केलं होतं, दोन्ही संदर्भ काढले होते. पुढे लिहिलं होतं : 'उमाटेकाका, चार वर्षांत पाच जणांनी हा आकडा सहा करायचा प्रयत्न केला. प्रत्येक वेळी मी तो उलटवला, आणि प्रत्येकाला धन्यवाद दिले. यादी सोबत पाठवते. त्यांची क्षमा आपण दोघांनी मागायला हवी.' यादीत शेवटून दुसरे ते स्वतःच होते, अनोळखी म्हणून. शेवटचं नाव होतं 'काजल आर्वी नाका'. तारीख क्लासच्या टेस्टच्या दिवसाची, वेळ संध्याकाळी साडेसात. म्हणजे पोरगी रडत घरी गेली होती आणि पहिलं काम हे केलं होतं.

हरिभाऊ अपेक्षाला घेऊन आर्वी नाक्याला काजलच्या घरी गेले. तिथे काय बोलणं झालं ते त्यांनी कुणाला सांगितलं नाही. पण सोमवारी सकाळी क्लासच्या दारात तिघं उभे होते, आणि हरिभाऊंच्या हातात खादीची एक पिशवी होती.

साठ पोरं-पोरी बाकांवर बसल्या होत्या. हरिभाऊ सरांची परवानगी घेऊन फळ्यापुढे उभे राहिले.

"तुमच्या गाइडमधलं बासष्ट किलो म्या लिहिलं," ते म्हणाले. तपासणीच्या भाषणाला ते नेहमी शुद्ध मराठी वापरत, पण त्या दिवशी ती आलीच नाही. "पुस्तकात सहा होतं. मले पटलं नाई. मी वजनमापेवाला माणूस, मले वाटलं, एवढा मोठा पक्षी म्हणजे जडच असन. ही काजल बरोबर होती. तुमी तिले हासले, ते माह्यामुळं."

मग त्यांनी पिशवी पुढे केली. त्यांच्या नोकरीतल्या वजनांच्या मापानं भरलेली वाळू, सहा किलो दोनशे ग्रॅम. "हा तो गरुड. हातात घेऊन पाहा."

पिशवी आधी काजलनं घेतली. तिला आकडा माहीत होता, तरी ती पिशवीकडे बघत राहिली. "एवढाच?" ती हळूच म्हणाली. आणि मग पिशवी बाकाबाकांवरून फिरायला लागली. हरिभाऊंनी अपेक्षाला आणि काजलला फळ्यापुढे दोन टोकांना उभं करून दोन मीटरचे पंख खडूनं आखले. पंख फळ्यात मावले नाहीत, भिंतीवर गेले. पोरं पिशवीकडे बघत, मग भिंतीकडे बघत, आणि पिशवी पुढच्याकडे देताना दोन्ही हातांनी देत. शेवटी ती सरांपाशी आली. सरांनी ती उचलली, खाली ठेवली, परत उचलली.

"मंग उडते कसा तो, काका?" मागच्या बाकावरून कुणीतरी विचारलं.

"मले नाई माहीत, बाप्पा," हरिभाऊ म्हणाले. "मी चौतीस वर्षं निसतं वजन पाह्यलं. वर कदी पाह्यलंच नाई."

सरांनी काजलचा एक मार्क वाढवला. तो वनखात्यात चालत नाही, पण तिनं तो वहीत लाल पेनानं लिहून ठेवला आणि मंगळवारपासून ती क्लासला येऊ लागली.

एक काम राहिलं होतं. हरिभाऊंनी त्या पुस्तकाच्या समासात जुन्या शेऱ्याखाली लाल शाईनं नवा शेरा लिहिला : 'फेरतपासणी केली. माप बरोबर. तपासणाऱ्याचा काटा खोटा होता.' सही केली, तारीख घातली, आणि पुस्तक ग्रंथालयात नेऊन दिलं. सरिताबाईंनी पानं चाळली आणि त्यांच्या कपाळाला आठ्या पडल्या.

"पुस्तकात लिहिलंय कुणीतरी. दोनदा."

"मीच," हरिभाऊ म्हणाले. "आणि ते हरिभाऊ उमाटेही मीच."

बाईंनी त्यांना ग्रंथालयाचे नियम पहिल्यापासून शेवटपर्यंत ऐकवले. हरिभाऊंनी ते उभ्यानं, एकही हरकत न घेता ऐकले, आणि बाहेर पडले.

कापूस बाजारावर दुपारचं ऊन तापलं होतं. वर, फार वर, एक घार फिरत होती. पंख हलत नव्हते. ती त्यांचीच होती की दुसरी, हे एवढ्या लांबून सांगता येत नव्हतं. हरिभाऊ रस्त्याच्या मधोमध थांबले आणि मान मागे टाकून बघत राहिले. मागे ऑटोवाल्यानं भोंगा वाजवला, परत वाजवला, मग डोकं बाहेर काढलं.

"काका, रस्त्यात उभे राहून काय पाहून राह्यले?"

हरिभाऊंनी मान खाली केली नाही.

"वजन," ते म्हणाले.

ऑटोवाल्यानंही वर बघितलं. मग त्यानं इंजिन बंद केलं.